मधल्या कप्प्यातली बाटली

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी एका फ्रिजच्या पाठीमागे डोकं घालून बसलो होतो. स्टोअरचा क्लार्क बोलत होता.

"काका, औषधांचा फ्रिज बंद पडलाय. कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो. तुम्ही बघून जा ना."

"कुठला फ्रिज?"

"ते डोळ्यांचे थेंब बनवायचे ना आपल्याकडे, त्या खोलीतला."

मी म्हटलं, वेळ नाही. तो हसला. "तुम्हीच नाही म्हटलं तर आम्ही जायचं कुणाकडे?"

हे वाक्य त्या हॉस्पिटलात मी आधी एकदा ऐकलं होतं. तेव्हा सगळे हसले होते, मीही हसलो होतो. म्हणून या वेळी नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. येतो म्हटलं.

ही जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. ही म्हणजे माझी बायको. एका सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. डोळ्याचा आणि याचा काही संबंध नाही, असंही म्हणाले. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले. तिचा डावा डोळा त्याच्या आठ महिने आधी गेला होता. मला सांगायचंय ते त्या डोळ्याचं.

माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान खाली रस्त्यावर आणि घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तीस वर्षं हेच काम. फ्रिजच्या अंगाला तळहात लावला, आतला आवाज ऐकला, की निम्मं दुखणं मला कळतं. याचा मला गर्व होता. ही घरी कपडे अल्टर करायची. पँट आखूड कर, बाही घाल, चेन बदल. तिचं मशीन खिडकीत आणि फ्रिज मशीनच्या बाजूला.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. एका रविवारी समोरच्या दूधवाल्याचा फ्रिज बसला. थर्मोस्टॅट गेला होता. थर्मोस्टॅट म्हणजे फ्रिजला कधी चालायचं आणि कधी थांबायचं ते सांगणारा भाग. पार्टची दुकानं बंद. दूधवाला रडकुंडीला आलेला. मी वर गेलो, आमच्या फ्रिजचा थर्मोस्टॅट काढला आणि त्याला बसवला. आमचा फ्रिज मी डायरेक्ट केला, म्हणजे दोन वायरी सरळ जोडून दिल्या. डायरेक्ट केलेला फ्रिज थांबत नाही. बटण चालू असेल तोवर गारठवत राहतो, बंद केलं की गरम होत जातो. माणसाने लक्ष ठेवून चालू-बंद करायचा.

"उद्या नवीन आणतो," मी हिला म्हटलं.

"तुमचा उद्या मला माहितीये," ही म्हणाली. "बरं झालं, मी अजून धडधाकट आहे. नाहीतर माझाही एखादा भाग काढून गिऱ्हाइकाला बसवाल."

तो उद्या चार महिने आला नाही. सीझन होता, हातातली कामं संपत नव्हती. आणि ही इतकी नीट सांभाळायची की फ्रिज बिघडलाय हे मी विसरूनच गेलो. दोन पँटी होईपर्यंत चालू, चार पँटी होईपर्यंत बंद, असा तिचा हिशोब. शेजारणीला सांगायची, "हा फ्रिज म्हणजे माझ्या सासूबाई. जरा दुर्लक्ष केलं की तापतात." माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून मला त्याचं हसू यायचं.

मग एक दिवस वाऱ्याने हिच्या डोळ्यात काहीतरी गेलं. तिने बाहीने चोळलं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, तिसऱ्या दिवशी उघडेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा टाकून बघितलं. म्हणाले, बुबुळावर जखम झालीय आणि तिच्यात जंतू शिरलेत. बाजारात मिळणारे थेंब पुरणार नाहीत. जास्त ताकदीचे अँटिबायोटिक थेंब आमच्या फार्मसीत बनवून देतात, ते दर तासाला घालायचे. दिवसा, रात्री, न चुकता.

ते थेंब बनवणाऱ्या बाईंना तिथे सगळे मॅडम म्हणायचे. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला चष्मा, आवाज बारीक. त्यांची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. दाराला एक छोटी खिडकी, तिच्यातून बाटली द्यायच्या. त्या दिवशी त्या टोपी-मास्क घालून आत बसल्या आणि अर्ध्या तासाने अंगठ्याएवढी बाटली घेऊन खिडकीशी आल्या. बाटलीतलं औषध पाण्यासारखं नितळ होतं.

"नीट ऐका हं," त्या म्हणाल्या. "हे कारखान्यातलं औषध नाही, मी आत्ता बनवलंय. याचं आयुष्य सात दिवस, तेही थंडीत ठेवलं तर. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नाही, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं तर वापरायचं नाही. पिवळं पडलं, गढूळ झालं, तर वापरायचं नाही. बाटली घेऊन सरळ माझ्याकडे या, मी नवीन बनवून देते. कुणी काही विचारणार नाही."

मी हसून म्हटलं, "मॅडम, फ्रिजचं मला सांगता? तीस वर्षं तेच करतोय."

"मग माझी काळजी मिटली," त्या म्हणाल्या.

ही माझ्या दंडाला धरून उभी होती, डोळ्यावर पट्टी. तिने माझा दंड दाबला. मला वाटलं, तोल जातोय तिचा.

घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, आधी तो थर्मोस्टॅट आणा."

"आणतो. तोवर मी आहे ना चालू-बंद करायला."

डॉक्टरांनी तिला अंधारात पडून राहायला सांगितलं होतं. उजेड लागला की चांगल्या डोळ्यातूनही पाण्याची धार लागायची. आता फ्रिज माझ्याकडे आला. दर तासाला मी दुकानातून तीन मजले चढून यायचो, हात धुवायचो, थेंब घालायचो, उतरायचो. ते मी एकदाही चुकवलं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय, पण त्याने काही होत नाही.

पहिल्या दिवशी मी फ्रिज चालू करून खाली गेलो आणि कामात विसरलो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला वर आलो तर बाटली गोठून दगड. मी ती दोन्ही तळहातांत धरून वितळवली. घाबरून फ्रिज बंद केला. मग जास्त गोठू नये म्हणून बाटली दारात ठेवली. दुसऱ्या दिवशी फ्रिज सकाळी बंद केलेला तो संध्याकाळपर्यंत बंदच राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी चालू, मग पुन्हा बंद. चौथ्या दिवशी मी किती वेळा बटण दाबलं, मला आठवत नाही. खाली दुकानासमोर माणसं उभी होती, सगळ्यांचे फ्रिज तापलेले. मी त्यांना गॅस भरून देत होतो, रिले बदलून देत होतो. आणि वर माझा स्वतःचा फ्रिज नुसतं कपाट झाला होता.

सातव्या दिवशी तपासायला गेलो. डॉक्टर बराच वेळ दिव्यातून बघत राहिले. जखम पसरली होती. लगेच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं, डोळा जागेवर राहिला, पण त्यात दिसायचं काही उरलं नाही.

मुलगी तेव्हा बाळंत होऊन दोन महिने झालेले. बाळाला काखेत घेऊन ती धावत आली. घर आवरताना तिला फ्रिजच्या दारात ती बाटली सापडली. आतलं औषध चहाच्या पाण्यासारखं पिवळं झालेलं. ती तडक हॉस्पिटलात गेली आणि तक्रार लिहून बाटली टेबलावर ठेवून आली.

"बाबा, त्या बाईने आईला असलं औषध दिलं आणि तुम्ही घेऊन आलात?"

मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं."

मुलगी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी थर्मोस्टॅट आणून बसवला होता. चार महिने न झालेलं काम पाऊण तासात झालं.

चौकशीला आम्हा तिघांना बोलावलं. एका खोलीत तीन डॉक्टर, मधे टेबल, टेबलावर दोन बाटल्या. एक आमची पिवळी. दुसरी नितळ, ती मॅडमनी आणली होती. एका वेळी भरलेल्या बाटल्यांतली एक बाटली त्या नेहमी स्वतःकडे ठेवून द्यायच्या. साक्षीची बाटली म्हणायच्या तिला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की त्या दिवशी एकाच भांड्यातून सहा बाटल्या भरल्या. चार पेशंटकडे गेल्या, त्यांचे डोळे सुधारले. पाचवी ही साक्षीची, आजही नितळ. मग सहावी पिवळी का पडली? ती घरी कशी ठेवली होती, एवढं बघा.

मोठ्या डॉक्टरांनी हिला विचारलं, "आजी, बाटली कुठे ठेवायचात?"

हिला आजी म्हटलेलं आवडायचं नाही. ती म्हणाली, "फ्रिजमध्ये. मधल्या कप्प्यात."

"फ्रिज नीट चालू होता?"

हिने मान वळवली. डावीकडे बसलो होतो मी, आणि तो डोळा गेलेला, म्हणून मला बघायला तिला पूर्ण मान वळवावी लागली. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "घरात फ्रिजचा मेकॅनिक आहे, डॉक्टर."

मोठे डॉक्टर हसले. "खरंच की. यांचाच फ्रिज बिघडला तर आम्ही जायचं कुणाकडे?" बाकीचे हसले. मुलगीसुद्धा हसली. मी हसलो. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी मला दोन ओळी लिहून द्यायला सांगितल्या. मी लिहिलं, माझ्या घरचा फ्रिज पूर्ण वेळ व्यवस्थित चालू होता. खाली सही केली. एक डॉक्टर म्हणाले, "दुकानाचा शिक्का असेल तर मारा, बरं दिसेल." शिक्का माझ्या पिशवीत असतोच. मी मारला. मॅडमनी तो कागद हातात घेऊन वाचला, मला म्हणाल्या, "ठीक आहे," आणि परत ठेवला.

त्यांना त्या खोलीतून काढून गोळ्या वाटायच्या खिडकीवर बसवलं. खोलीला कुलूप लागलं.

परत येताना रिक्षात ही काही बोलली नाही. नंतरही कधी बोलली नाही. मला वाटलं होतं, एखाद्या भांडणात तरी काढेल. तशी ती काही सोडणारी नव्हती, तिच्या भावाच्या लग्नात मी उशिरा पोचलो ते तिने पंचवीस वर्षं काढलं. पण हे नाही काढलं.

एका डोळ्याने तिला सुईत दोरा ओवता येईना. सुईचं भोक एका बाजूला आणि दोरा भलतीकडे. म्हणून रोज सकाळी दुकानात उतरण्याआधी मी दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवायचो. पांढऱ्या दोऱ्याच्या पाच, काळ्या दोऱ्याच्या पाच. शेजारणी आल्या की ही त्यांना ती उशी दाखवायची. "बघा, किती करतात माझ्यासाठी." शेजारणी आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायच्या. मला जिन्यात त्यांच्यासमोरून जाणं नको व्हायचं.

ती गेली त्या दिवशी उशीत चार सुया ओवलेल्या शिल्लक होत्या. अजून तशाच आहेत.

तर हॉस्पिटलचा फ्रिज. मी पिशवी घेऊन गेलो. क्लार्क म्हणाला, किल्ली मॅडमकडे आहे. मनात म्हटलं, कुणा शिपायाच्या हाती पाठवतील. पण त्या स्वतःच किल्ली घेऊन आल्या. मला बघून थांबल्या नाहीत. कुलूप उघडलं, दिवा लावला.

खोलीत बाटल्या नव्हत्या, टोपी-मास्क नव्हते, टेबल पुसलेलं होतं. फ्रिजच्या दाराला मात्र एक कागद चिकटवलेला. तारीख, सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान, सही. कालच्या संध्याकाळपर्यंत एकही रकाना रिकामा नव्हता. फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात एक थर्मामीटर आणि ती साक्षीची बाटली. बाकी रिकामा.

क्लार्क दारात उभा होता. म्हणाला, "मॅडम रिकाम्या फ्रिजचा रोज ताप बघतात काका. आम्ही म्हणतो, पेशंट बरा झालाय, आता डिस्चार्ज द्या."

"तू तुझं बघ," मॅडम म्हणाल्या. रागाने नाही.

मी खाली बसून मागची पट्टी काढली. फ्रिजमध्ये बिघडणाऱ्या गोष्टी मोजून पाच-सहा. थर्मोस्टॅट गेला होता. सांगितलं.

क्लार्क म्हणाला, "मग डायरेक्ट करून टाका ना तात्पुरतं. तुम्ही लोक करता की."

"औषधाचा फ्रिज डायरेक्ट करायचा नाही," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असेन. तो "बरं बरं" म्हणत निघून गेला.

तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये दोन माणसं आली. एक रंगारी, कपड्यांवर चुन्याचे आणि रंगाचे डाग, एका डोळ्यावर रुमाल दाबलेला. त्याला धरून त्याचा भाऊ. भावाने चिठ्ठी पुढे केली. मॅडमनी चष्मा लावून वाचली.

"हे थेंब इथे मिळत नाहीत. मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल. साडेतीन तास लागतात. आजच जा, उद्यावर टाकू नका. आणि येताना बाटली बर्फाच्या डब्यात आणा."

"इथे बनवतात असं कुणीतरी म्हणालं," भाऊ म्हणाला.

"बनवत होते."

"मग आता काय झालं?"

मॅडम म्हणाल्या, "बस स्टँडच्या आधी डाव्या हाताला बर्फाचा डबा मिळेल. जा लवकर."

मी फ्रिजमागे बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. रंगारी जाताना भिंतीला हात लावत गेला. ही तशीच चालायची, तसाच हात लावत.

मॅडम परत आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. "डायरेक्ट केल्यावर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुम्ही आत्ता म्हणालात, औषधाचा फ्रिज डायरेक्ट करायचा नाही. का? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतेय."

मी सांगायला लागलो. फ्रिज थांबत नाही. सगळं गोठतं. मग माणूस बंद करतो. बंद केलं की उन्हाळ्यात दोन-तीन तासांत आतला गारवा संपतो. बंद आहे हे माणसाच्या लक्षात राहत नाही, कारण दार उघडलं की दिवा लागतोच. दिवा लागला की वाटतं, चालू आहे. बाटली गोठते, वितळते, तापते, पुन्हा गोठते. त्यात माणूस घाबरून ती दारात ठेवतो. दारात तर सगळ्यात जास्त गरम.

बोलता बोलता मी थांबलो. हातातला स्क्रू ड्रायव्हर मी जमिनीवर ठेवला.

"मधल्या कप्प्यात नव्हती ती," मी म्हटलं. "आमचा फ्रिज डायरेक्ट होता, मॅडम. चार महिने. थर्मोस्टॅट मी दुसऱ्याला बसवला होता."

त्या ओरडतील, उठून जातील, क्लार्कला हाक मारतील, यातलं काही होईल म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी गळ्यातला चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"तुमच्या मिसेसना माहीत होतं?"

"हो."

"कशा आहेत त्या?"

मी सांगितलं. त्यांना कळलेलं नव्हतं.

मी पिशवीतून बिलबुक काढलं. एका कोऱ्या पानावर लिहिलं की त्या सात दिवसांत माझ्या घरचा फ्रिज नादुरुस्त होता, औषध नीट ठेवलं गेलं नाही, आधीचा कागद खोटा आहे. सही केली. शिक्का काढला. शाईची डबी सुकत आली होती. दोनदा दाबला तरी दुकानाचं निम्मंच नाव उठलं. तिसऱ्यांदा पूर्ण उठलं. पान फाडून त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी वाचलं. "याने माझं काय व्हायचं ते होईल," त्या म्हणाल्या. "खोली उघडतील की नाही, मला सांगता येत नाही. पण 'नीट ठेवलं गेलं नाही' याचा अर्थ काय? किती तास?"

"म्हणजे?"

त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. पानं उलटून एका पानावर थांबल्या. वर त्या दिवसाची तारीख. पाच बाटल्यांपुढे बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं. सहाव्या बाटलीपुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

"मी सात दिवस सांगते, ते कशाच्या जोरावर?" त्या म्हणाल्या. "कुठल्या थंडीत किती दिवस टिकतं, गरम झालं तर किती तासांत बिघडतं, हे कुणीतरी बघून लिहून ठेवलेलं असतं म्हणून. तुमच्या बाटलीचं मला काहीच कळलं नाही. इतके महिने मी विचार करतेय की माझा हात कुठे लागला, झाकण नीट लावलं होतं का, पाणी बरोबर घेतलं का. आता सांगा. पहिला दिवस. सकाळपासून."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की सुटलो. पण त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि एकेक तास विचारला. चालू किती वाजता? बंद किती वाजता? गोठलेली वितळवली ती कशी? तळहातात? किती वेळ? दारात वरच्या खणात की खालच्या? खोलीत पंखा होता? ऊन कुठपर्यंत यायचं? आठवत नाही म्हटलं तर त्या "आठवत नाही" असंच लिहायच्या. पुढचा तास विचारायच्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी खाली मान घालून बसलो असतो, पण इथे मान वर करून उत्तरं द्यावी लागत होती.

चौथ्या दिवसावर आलो.

"रंग?" त्यांनी विचारलं.

मी बिलबुक पिशवीत परत ठेवलं.

"तुमच्या मुलीने बाटली आणली तेव्हा सातवा दिवस उलटून गेला होता. पिवळी कधी पडली, ते मला हवंय. तुम्ही दर तासाला हातात घेत होता. कधी दिसलं तुम्हाला?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. या कागदावरसुद्धा लिहिलं नव्हतं.

"चौथ्या दिवशी," मी म्हटलं. "संध्याकाळी पाच वाजता."

त्यांचं पेन थांबलं. "आणि पुढचे तीन दिवस?"

"तेच घातले."

"मी सांगितलं होतं, घेऊन या. कुणी काही विचारणार नाही."

"तुम्ही नसतं विचारलं. पण मीच म्हटलं होतं ना, फ्रिजचं मला काय सांगता." मी म्हटलं. "ते परत येऊन गिळायचं जिवावर आलं, मॅडम. वाटलं, थोडासा तर रंग बदललाय. हिने विचारलं होतं. अंधारात पडलेली, डोळे मिटलेले. थेंब गालावर ओघळला तो बोटाने पुसून म्हणाली, वास वेगळा येतोय, रंग कसा आहे? मी म्हटलं, पाण्यासारखा."

मॅडमनी लिहिलं नाही.

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर आलो," मी पुढे सांगितलं, "तेव्हा ती फ्रिजपाशी उभी होती. दार उघडं, फ्रिजच्या दिव्यासमोर बाटली धरलेली, चांगल्या डोळ्यातून पाणी वाहतंय. मला बघून तिने बाटली परत ठेवली. मधल्या कप्प्यात ठेवली. येऊन झोपली आणि मान मागे केली. मी थेंब घातले."

कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला.

मग त्या म्हणाल्या, "ते थेंब नीट असते तरी डोळा वाचला असता, असं मी तुम्हाला सांगणार नाही. वाचला नसता, असंही सांगणार नाही. मला माहीत नाही." आणि प्रश्नचिन्ह खोडून तिथे लिहिलं, चौथा दिवस, संध्याकाळी पाच, पिवळा. मला वाचून दाखवलं. "बरोबर?"

"बरोबर."

"पुढचे तीन दिवस मी वहीत लिहीत नाही. ते औषधाचं नाही." त्यांनी वही मिटली. "हा कागद मी आज मोठ्या डॉक्टरांकडे देते. पण तक्रारीवर सही तुमच्या मुलीची आहे. ते तिला बोलावणार. तिला माझ्या टेबलावर, माझ्या तोंडून कळू नये."

मी थर्मोस्टॅट बदलला. पार्ट या वेळी पिशवीत होता, हल्ली दोन ठेवतो. फ्रिज चालू झाला. थर्मामीटर खाली उतरेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. चार अंशांवर आला तेव्हा त्यांनी दारावरच्या कागदात तो आकडा भरला. मी निघालो तेव्हा त्यांनी मान हलवली. त्या "या" म्हणाल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मी मुलीला फोन लावला. मागे बाळ रडत होतं, ती त्याला कडेवर हलवत असणार.

"बोला बाबा. जेवलात का?"

"जेवलो," मी म्हटलं.

तिने बाळाला शू शू केलं. मी थांबलो. मग म्हटलं, "नाही. जेवलो नाही. आधी मी काय सांगतो ते ऐक."